उत्तर दरवेळी तेच चुकतंय? आधी चुकलेली ओळ शोधा

वहीत उत्तर आलंय २९. पुस्तकाच्या मागे छापलंय ९. मुलगी सगळं खोडते, पहिल्यापासून मांडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा २९. आता रडायच्या बेतात. "अगं, जरा लक्ष देऊन कर की," असं म्हणणारं मोठं माणूस शेजारी उभं असतंच. तिसऱ्यांदा केलं तरी २९च येणार.

संध्याकाळी मुलांचा बीजगणित-सांख्यिकीचा गृहपाठ तपासत बसायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि 'धांदरटपणा' हे कारण मी आता ऐकून घेत नाही. धांदरट मुलाचं उत्तर दरवेळी वेगळं चुकतं. तीनदा एकच चुकीचं उत्तर येत असेल, तर ते मूल एखादा चुकीचा नियम अगदी काळजीपूर्वक पाळतंय. लक्ष वाढवून काही होत नाही, कारण नजर घाण्याच्या बैलासारखी त्याच वाटेनं फिरते. म्हणून पुन्हा सोडवायचं नाही. आहे तेच ठेवायचं, खोडायचंही नाही, आणि कुठली ओळ मोडली ते शोधायचं.

गणित हे होतं (मुलं वहीत एक्स लिहितात, मी इथे क्ष लिहिते):

३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७

तिच्या ओळी अशा:

३क्ष − १२ − २क्ष − १० = ७
क्ष − २२ = ७
क्ष = २९

तिचं स्वतःचं उत्तर, २९, घ्या आणि खालून वर चढा. तिसऱ्या ओळीत (मूळ गणित ही पहिली ओळ), म्हणजे क्ष − २२ = ७ मध्ये, २९ घातले तर ७. जुळतं. त्याच्या वरच्या ओळीत ८७ − १२ − ५८ − १० = ७. हेही जुळतं. मूळ गणितात घातले तर ३ × २५ − २ × २४ = ७५ − ४८ = २७. इथे अडलं. म्हणजे बाकी सगळी आकडेमोड चोख आहे आणि चूक फक्त पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना झाली आहे. पुस्तकातलं ९ हे उत्तर वापरायचं असेल तर उलटं जायचं: वरून खाली. मूळ गणितात ९ बसतो, दुसऱ्या ओळीत घातला की −१३ येतात. जागा तीच.

चुकीचं उत्तर खालून वर जाताना अडखळतं, बरोबर उत्तर वरून खाली येताना. पहिल्या पद्धतीत मागचं पान उलटावंही लागत नाही, म्हणून मला तीच जास्त आवडते. एकाच गणितात दोन चुका असतील तर खालून चढताना शेवटची चूक आधी सापडते. ती दुरुस्त करायची, नवं उत्तर घेऊन पुन्हा चढायचं.

आता ते २७ पाहा. यायला हवे होते ७, फरक २० चा. गणितात २० कुठेच नाही, पण त्याचे निम्मे, १०, आहेत. चिन्ह चुकलं की फरक त्या पदाच्या दुप्पट पडतो: जे मिळवायचं होतं ते मिळवलं नाही, वर तेवढंच वजा केलं. जुने हिशेबनीस तेरीज, म्हणजे जमा आणि नावे यांचा गोषवारा, जुळली नाही की हेच करत. फरक निम्मा करायचा आणि तो आकडा वहीत शोधायचा, कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली असली तर फरक दुप्पट येतो. फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल तर ५४ च्या जागी ४५ लिहिल्याचा संशय घ्यायचा. दोन्ही युक्त्या शाळेच्या वहीत जशाच्या तशा चालतात.

चिन्ह का चुकलं, तर −२ नं कंसातल्या क्ष ला गुणलं आणि ५ पर्यंत जाताना ती उणे खूण फक्त वाहून नेली, −५ शी गुणली नाही. 'उणे गुणिले उणे अधिक' हे पाठ असूनही असं होतं. इथे शब्दाचा मूळ अर्थ उपयोगी पडतो. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम मांडले तेव्हा धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज, असे सरळ व्यवहारातले शब्द त्यानं वापरले. पाचाचं कर्ज दोनदा माफ झालं तर हातात दहा जास्तच राहणार. हे एकदा कळलं की −२(−५) पाशी पेन आपोआप थबकतं.

अपूर्णांक असला की उत्तरच चूक सांगतं

हे माझं आवडतं गणित आहे:

(क्ष − १)/२ − (क्ष − ३)/४ = ३

बरोबर उत्तर ११. ताळा: १०/२ − ८/४ = ५ − २ = ३. पण दहा वह्यांमध्ये तीन वेगळी चुकीची उत्तरं भेटतात, आणि वही न उघडता सांगता येतं कुणाचं काय चुकलं.

उत्तर २ आलं असेल तर ४ नं गुणताना डावीकडच्या अपूर्णांकांना गुणलं आणि उजवीकडचा ३ तसाच ठेवला. तो अपूर्णांक नाही, त्याला छेद नाही, म्हणून तो आपला वाटला नाही. उत्तर १७ असेल तर उजवीकडे १२ बरोबर केले, पण २(क्ष − १) − क्ष − ३ असं लिहिलं. अपूर्णांकाची आडवी रेघ हा न दिसणारा कंस असतो. रेघ पुसली की कंस लिहावाच लागतो, नाहीतर मागच्या उणे खुणेचा परिणाम पहिल्या पदावरच थांबतो. आणि उत्तर ८ असेल तर दोन्ही चुका केल्या आहेत.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. छेद काढण्याआधी एक जादा ओळ लिहायची, जिच्यात प्रत्येक अंशाला कंस आहे आणि प्रत्येक पदासमोर, उजवीकडच्या एकट्या ३ समोरसुद्धा, '४ ×' लिहिलेलं आहे. ही ओळ मुलं वाचवतात आणि तिथेच फसतात.

याच कुळातली दुसरी चूक 'पक्षांतरा'ची. −४क्ष = १२ यावरून कुणी क्ष = १६ लिहितं, कुणी क्ष = ३. दोघंही 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य इमानदारीनं पाळत आहेत. मला विचाराल तर हे वाक्य पहिले सहा महिने मुलांच्या कानावर पडूच नये. पलीकडे काही जात नाही. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट केली जाते, इथे −४ नं भागणं, आणि क्ष = −३ मिळतं. जिथे गोंधळ होतो त्या मुलानं महिनाभर 'दोन्ही बाजूंना −४ नं भागून' असं शब्दांत लिहावं. मग हवं तर पक्षांतर करावं.

असमानतेत याच जागी आणखी एक खड्डा असतो. −२क्ष < ६ ला −२ नं भागलं की खूण उलटते, क्ष > −३. उलटवली की नाही याची शंका आली तर ० घालून पाहा: मूळ ओळीत ० < ६, खरं, उत्तरात ० > −३, तेही खरं. खूण न उलटवता क्ष < −३ लिहिलं असतं तर ० तिथे बसला नसता.

कंस उघडताना: १० घालून पाहा

समीकरण नसेल, नुसता विस्तार करायचा असेल तर 'उत्तर' घालून पाहता येत नाही, कारण उत्तर ही संख्या नसतेच. पण मग कुठलीही संख्या चालते. दोन राशी खरोखर सारख्या असतील तर क्ष च्या प्रत्येक किमतीला सारख्याच असायला हव्यात.

कुठलीही म्हटलं तरी ०, १ आणि २ टाळा. शून्यानं क्ष असलेली सगळी पदं नाहीशी होतात. १ चा वर्गही १, घनही १, म्हणून घातांकाची चूक झाकली जाते. २ चा वर्ग आणि २ ची दुप्पट दोन्ही ४, म्हणून क्ष² च्या जागी २क्ष लिहिलं असेल तर पत्ता लागत नाही. ३ चांगला, १० त्याहून चांगला. (क्ष + २)(क्ष + ३) मध्ये १० घाला: १२ × १३ = १५६. आणि विस्तार क्ष² + ५क्ष + ६. सहगुणक १, ५, ६, तेच आकडे ओळीनं. सहगुणक लहान आणि धन असतील तर १० घातल्यावर विस्तार जणू वाचून दाखवता येतो. मुलांना हे पहिल्यांदा दाखवलं की ती पुढची दहा गणितं न सांगता तपासतात.

(क्ष + ५)² = क्ष² + २५ ही चूक तर अमर आहे. १० घालून डावीकडे २२५, उजवीकडे १२५. हरवलेले १०० म्हणजे २ × ५ × १०, मधलं पद. तसंच (क्ष + ६)/३ चं क्ष + २ करणं: १० घालून १६/३ आणि १२. छेदाला वरची सगळी बेरीज भागायची असते. सोयीचा तेवढा ६ भागून क्ष ला सोडून देता येत नाही.

वर्गसमीकरण: बेरजेवर भरवसा ठेवू नका

२क्ष² − ५क्ष − ३ = ०. सूत्रात b² − ४ac ऐवजी मराठीत सांगायचं तर 'मधल्याचा वर्ग वजा पहिल्या-शेवटच्या गुणाकाराची चौपट'. इथे २५ − ४ × २ × (−३) = २५ + २४ = ४९, मुळं (५ ± ७)/४, म्हणजे ३ आणि −१/२.

नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या −३ ची खूण गाळून २५ − २४ = १ घेणं. मग मुळं येतात ३/२ आणि १. हुशार मुलं ताळा करतात: मुळांची बेरीज ५/२ हवी. ३/२ + १ = ५/२. जुळलं! आणि ती निर्धास्त होतात. गंमत अशी की वर्गमुळाखाली काहीही चुकीचं असलं तरी बेरीज जुळणारच, कारण एका मुळात ते मिळवलंय आणि दुसऱ्यात तेच वजा केलंय. बेरजेत ते उडून जातं. पकडतो तो गुणाकार. तो −३/२ हवा आणि इथे +३/२ आलाय. म्हणून एकच ताळा करायचा वेळ असेल तर गुणाकाराचा करा.

क्ष² = ५क्ष ला दोन्हीकडे क्ष नं भागून फक्त ५ लिहिणं, आणि क्ष² = ४९ वरून फक्त ७ लिहिणं, या दोन्हीत एक मूळ हरवतं. पहिल्यात ०, दुसऱ्यात −७. आलेलं उत्तर ताळ्यात बसतं, म्हणून ही चूक वरच्या कुठल्याच युक्तीनं सापडत नाही. वर्ग दिसला की उत्तरं दोन आहेत का हे विचारायचं, एवढंच.

शाब्दिक उदाहरणं आणि एक अक्षराचा 'ने'

इथे आकडेमोड नाही, वाचन चुकतं. 'क्ष ही ७ पेक्षा कमी आहे' आणि 'क्ष पेक्षा ७ ने कमी' यांत एका 'ने'चा फरक. पहिलं क्ष < ७, दुसरं क्ष − ७. आणि 'क्ष पेक्षा ७ ने कमी' यात क्ष वाक्यातही आधी आणि वजाबाकीतही आधी, पण 'क्ष ही ७ मधून वजा करा' यात क्ष आधी ऐकू येत असला तरी लिहायचं ७ − क्ष. वाक्यातला क्रम आणि वजाबाकीचा क्रम एकच असेल असं नाही.

उलटापालटीचं सगळ्यात फसवं उदाहरण: 'विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या सहापट आहे.' भल्याभल्यांच्या हातून ६व = श (व विद्यार्थी, श शिक्षक) लिहिलं जातं, कारण वाचताना सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक असं चित्र डोळ्यांपुढे येतं. शिक्षक एक घ्या, विद्यार्थी सहा, आणि घाला: ६ × ६ = १? नाही. म्हणून व = ६श. समीकरण मांडल्यावर, सोडवायच्या आधी, एक साधी जोडी घालून पाहायला दहा सेकंद लागतात.

वयाचं गणित घ्या. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट. ५ वर्षांपूर्वी ते चौपट होतं. बरोबर मांडणी ३क्ष − ५ = ४(क्ष − ५), क्ष = १५, वडील ४५. पाच वर्षांपूर्वी ४० आणि १०. छान. एका वहीत मांडणी होती ३क्ष − ५ = ४क्ष, म्हणजे पाच वर्षं फक्त वडिलांची मागे गेली, आणि उत्तर −५: मुलगा अजून जन्मायचाच आहे. दुसऱ्या वहीत कंस विसरून ३क्ष − ५ = ४क्ष − ५, उत्तर ०. मुलगाही शून्य वर्षांचा, बापही शून्य वर्षांचा. त्या मुलानं खाली दुहेरी रेघ मारून उत्तर छान चौकटीतही बसवलं होतं.

शाब्दिक उदाहरणाचा ताळा स्वतःच्या समीकरणात घालून करायचा नसतो. समीकरणच चुकलं असेल तर तो नेहमीच जुळतो. आलेली संख्या घेऊन उदाहरणातली मराठी वाक्यं पुन्हा वाचायची.

सांख्यिकी: ओळ नाही, जागा तपासा

सांख्यिकीत खालून वर चढता येत नाही. इथे वेगळा प्रश्न विचारायचा: आलेलं उत्तर जिथे असायला हवं तिथे आहे का?

मध्यकापासून सुरू करू. १२, ७, १५, ९, २०, ७, ११. सात संख्या, मधली चौथी, म्हणून ९? नाही, आधी चढत्या क्रमात लावा: ७, ७, ९, ११, १२, १५, २०. मध्यक ११. दुसरी चूक (७ + १)/२ = ४ काढून मध्यक ४ लिहिण्याची. ४ हा रांगेतला नंबर आहे, त्या जागेवर उभी असलेली संख्या ११. आणि ४ तर सगळ्यात लहान संख्येपेक्षाही लहान आहे. मध्यक तिथे असूच शकत नाही. (मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे मधली संख्या. एका 'क' साठी गुण जातात, याला माझ्याकडे इलाज नाही.)

वारंवारता सारणीवर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त वह्या इथे चुकतात. प्राप्तांक २, ४, ६, ८, १० आणि त्यांच्या वारंवारता, म्हणजे ते गुण किती जणांना मिळाले, अनुक्रमे ३, ५, ८, ३, १. वारंवारतांची बेरीज २०. गुणाकारांची बेरीज ६ + २० + ४८ + २४ + १० = १०८. मध्य १०८/२० = ५.४.

सारणीत ओळी पाच दिसतात म्हणून कुणी १०८ ला ५ नं भागतं: २१.६. जास्तीत जास्त गुण १० आणि सरासरी २१.६! ही चूक निदान ओरडून सांगते. घातक चूक दुसरी: वारंवारता बाजूला ठेवून (२ + ४ + ६ + ८ + १०)/५ = ६. हे उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं, मर्यादेत आहे, खऱ्या उत्तराच्या जवळही आहे. जागा पाहून ते सापडत नाही. त्यासाठी ताळा असा: प्रत्येक प्राप्तांकातून मध्य वजा करा, वारंवारतेनं गुणा, बेरीज करा. ती शून्यच यायला हवी. ५.४ घेऊन −१०.२, −७, ४.८, ७.८, ४.६. ऋण बाजूला १७.२, धन बाजूला १७.२. झालं. ६ घेऊन केलं तर −१२ − १० + ० + ६ + ४ = −१२ उरतात, आणि −१२ ला २० नं भागलं की −०.६, म्हणजे ६ मधून किती कमी करायचं तेही कळतं.

याच सारणीचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण मध्याभोवती किती पसरलेत त्याचं माप. विचलनांचे वर्ग करून वारंवारतेनं गुणले की ३४.६८, ९.८, २.८८, २०.२८, २१.१६. बेरीज ८८.८, भागिले २० म्हणजे ४.४४, वर्गमूळ सुमारे २.११. इथे तीन तक्रारी येतात.

पहिली: 'कॅल्क्युलेटर एरर दाखवतोय.' बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −३.४ कंसाशिवाय टाकून वर्गाचं बटण दाबलं की तो आधी ३.४ चा वर्ग करतो आणि मग उणे लावतो: −११.५६. असं दोन्ही ऋण विचलनांचं झालं तर बेरीज −०.१६ येते आणि ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं जातं. कंस टाका. एक्सेलमध्ये मात्र =−३^२ लिहिलं तर ९ येतं, म्हणजे तिथे उणे आधी चिकटतं. एकाच गणिताची दोन यंत्रं दोन उत्तरं देतात, म्हणून कुठेही असा, कंस टाकाच.

दुसरी: 'माझं २.११, पुस्तकात २.१६.' तुम्ही २० नं भागलंत, पुस्तकानं १९ नं. सगळ्यांचीच माहिती हातात असेल तर एकूण संख्येनं भागतात. मोठ्या समूहातून घेतलेला नमुना असेल आणि त्यावरून समूहाचा अंदाज करायचा असेल तर एक कमी करून. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं असतात, एक्सेलमध्ये दोन सूत्रं, एकाच्या शेवटी पी आणि दुसऱ्याच्या शेवटी एस. प्रश्नात 'नमुना' हा शब्द आहे का ते पाहा.

तिसरी: 'सोप्या सूत्रानं केलं तर भलतंच येतं.' सोपं सूत्र म्हणजे वर्गांचा मध्य वजा मध्याचा वर्ग: ६७२/२० = ३३.६, वजा ५.४ × ५.४ = २९.१६, उरले ४.४४. बरोबर. पण कुणी मध्य ५.४ चा 'साधारण ५' केला तर ३३.६ − २५ = ८.६, जवळजवळ दुप्पट. तोच ५ घेऊन लांबच्या पद्धतीनं विचलनं काढली तर ४.६ येतात, म्हणजे थोडीशीच चूक. सोपं सूत्र दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करतं, आणि मोठ्या संख्येतली किंचित चूक लहान उरलेल्या उत्तरात खूप मोठी होते. तेव्हा सोपं सूत्र वापरायचं तर मध्य अपूर्णांकातच ठेवा, पूर्णांकात आणणं शेवटच्या ओळीवर ढकला.

वर्गीकृत सामग्रीत मध्यकाची चूक जागेवरून लगेच ओळखू येते. वर्ग ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–४०, ४०–५०. वारंवारता ४, ६, १०, ७, ३. एकूण ३०, निम्मे १५, म्हणून मध्यक २०–३० या वर्गात. सूत्रात त्या वर्गाच्या *आधीच्या* वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे तिथपर्यंतची बेरीज ४ + ६ = १०, हवी: २० + (१५ − १०)/१० × १० = २५. चुकून त्याच वर्गाची २० घेतली तर २० − ५ = १५. आपणच २०–३० मध्ये आहे म्हणून ठरवलेला मध्यक १५ कसा? वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक असतील तर आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ करून घ्या. वर्गाची रुंदी १०, ९ नाही. (एकाच पानावर 'वर्ग' म्हणजे गट आणि 'वर्ग' म्हणजे स्वतःशी गुणाकार, हे मुलांनी कसं सोसायचं कोण जाणे. मी पहिल्याला वहीत 'गट' म्हणू देते.)

दोन तुकड्यांची सरासरी एकत्र करताना सरासऱ्यांची सरासरी काढू नका. ३० जणांची ६० आणि २० जणांची ७५, तर एकूण १८०० + १५०० = ३३००, भागिले ५०, म्हणजे ६६. ६७.५ नव्हे.

आणि सगळं बरोबर असूनही जुळत नसेल तर

आधी पाहा की दोन उत्तरं एकच तर नाहीत. वहीत १/√२ आणि पुस्तकात √२/२: दोन्ही ०.७०७१ च्या आसपास, एकच संख्या. −(क्ष − ३) आणि ३ − क्ष तसेच. अशी किती तरी बरोबर उत्तरं मी खोडलेली पाहिली आहेत.

मग प्रश्न वहीत नीट उतरवलाय का पाहा. एक्स आणि गुणाकाराची फुली सारखी दिसते, घाईत काढलेले १ आणि ९ सारखे दिसतात. हे सगळं झाल्यावरच पुस्तकावर संशय घ्यायचा, पण घ्यायचा जरूर.

त्या २९ वाल्या मुलीला परवा एक जोडी सोडवायची होती: क्ष + य = ११ आणि २क्ष − ३य = २. तिचं उत्तर क्ष = ७, य = ४. मागे छापलेलं क्ष = ४, य = ७. खोडरबरकडे हात गेला, पण थांबला. तिनं स्वतःचं उत्तर दोन्ही ओळींत घातलं: ११, आणि १४ − १२ = २. मग पुस्तकाचं घातलं: पहिली ओळ ११, जुळली. दुसरी ८ − २१ = −१३. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काहीच बोलले नाही. शिसपेन्सिलीनं पुस्तकातल्या ४ आणि ७ वर उलटसुलट बाण काढून तिनं पुढचं गणित घेतलं.